नामदेवांची तुपाची वाटी

मागच्या चवथीला आमच्या घरी एक गुन्हा घडला आणि चौकशीअंती घरातले सगळेच गुन्हेगार निघाले.

चिंगी ही आमची पॉमेरेनियन कुत्री. वय ११, वजन जेमतेम साडेपाच किलो, आणि त्यातला अर्धा किलो निव्वळ आमच्या लाडाचा. अंत्रुज महालातल्या आमच्या मूळ घरी पाच दिवसांचा गणपती असतो. सगळी भावंडे, त्यांची मुले-बाळे जमतात. चिंगीलाही नेले होते. माटोळीखालची जागा पकडून ती दिवसभर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातातल्या बशीकडे अशा काही नजरेने पाहायची की दगडालाही पाझर फुटावा. तिसऱ्या रात्री तिला उलट्या सुरू झाल्या. पहाटे उठून पाहतो तर ती पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग उंच करून उभी. माझ्या लहान भाच्याला वाटले, चिंगी बाप्पाला नमस्कार करते आहे. पोटात असह्य कळा येऊ लागल्या की कुत्री अशी वाकतात, हे आम्हाला दवाखान्यात कळले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पोट चाचपून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "काका, नेवऱ्या किती खाल्ल्या हिने?"

मी घरी फोन लावला. आईने सांगितले, "इल्लेंशेंच दिलें." वहिनीनेही इल्लेंशेंच दिले होते. भाच्याने आपली अर्धी नेवरी दिली होती, कारण त्याला आतले चून आवडत नाही. मी स्वतः पातोळीचा तुकडा दिला होता, वर तुपाचा थेंब टाकून. घरात माणसे नऊ. नऊ गुणिले इल्लेंशें किती होते ते रक्ताच्या तपासणीत दिसले. स्वादुपिंडाला सूज आली होती.

चार दिवस सलाईन, उलटीचे आणि दुखण्याचे औषध झाले आणि चिंगी वाचली. घरी आणल्यावर आई म्हणाली, "कुत्र्याला तूप पचत नाही हे आमच्या वाडवडिलांना ठाऊक होते. तुम्ही शिकलेली माणसे विसरलात." मी म्हटले, "आई, मग नामदेवांचे काय?" ती गप्प झाली, आणि खरे सांगायचे तर मीही.

नामदेवांची ती कथा मराठी मुलखात कुणाला सांगायला नको. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी खाऊ नकोस देवा, तूप लावून देतो, असे विनवत. कथेचा अर्थ सर्वांभूती ईश्वर पाहण्याचा आहे, आहारशास्त्राचा नाही, हे मला समजते. पण एकीकडे तूप पचत नाही म्हणणारी म्हण आणि दुसरीकडे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत, या दोघांच्या मधे आमची चिंगी सलाईन लावून पडली होती. तेव्हा कुत्र्याचे जेवण आणि कुत्र्याचे स्वादुपिंड यांचा इतिहास जमेल तेवढा शोधायचे ठरवले. शोधता शोधता बराच लांब गेलो.

आपल्याकडे कुत्र्याच्या ताटाचा जुना उल्लेख कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात कोठाराच्या अध्यक्षाने कुणाला किती शिधा द्यावा याचे प्रकरण आहे. माणसाच्या एका जेवणाला प्रस्थभर तांदूळ, त्याच्या चौथाई डाळ, आणि डाळीच्या चौथाई तूप किंवा तेल. कुत्र्याला प्रस्थभर शिजवलेला भात. हंस, क्रौंच, मोर यांना त्याच्या निम्मा. माणसाच्या वाट्याला तूप येते, कुत्र्याच्या ओळीत फक्त भात आहे. कौटिल्याला स्वादुपिंड माहीत असण्याचे कारण नाही. तो कोठाराचा हिशेब पाहत होता. पण काटकसर म्हणून केलेली गोष्ट कधीकधी पथ्य ठरते.

वैश्वदेवात श्वानबळी असतो तोही भाताचाच. यमाच्या श्याम आणि शबल या दोन कुत्र्यांच्या नावाने भाताची मूद बाहेर ठेवायची. आमच्या आजोबांच्या काळापर्यंत घरी हे रोज चालत असे. पुढे आजोबा गेले, बळी थांबला, कुत्री मात्र त्याच वेळेला त्याच पायरीवर येत राहिली.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासात सारमेयविनोद नावाचे प्रकरणच आहे. सारमेय म्हणजे सरमेची लेकरे, ऋग्वेदातल्या देवशुनी सरमेच्या वंशातली. मराठी वाचकाला मानसोल्लास आठवतो तो त्यातल्या मराठी ओळींमुळे आणि मांड्यांसारख्या पक्वान्नांमुळे. आम्हा गोवेकरांना आणखी एक जवळीक आहे. गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी याची राणी मैललदेवी ही सोमेश्वराची बहीण. म्हणजे कुत्र्यांवर प्रकरण लिहिणारा हा राजा गोव्याच्या राजाचा मेहुणा. असो, विषयांतर झाले.

सांगायचा मुद्दा असा की आपल्या भागातले कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या भातावर वाढले. माझ्या लहानपणी घराच्या राखणीला मोती होता. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि त्यावर माशाची डोकी-काटे, हुमणाचे तळ धुतलेले पाणी. रात्री काही उरले तर. तेल-तूप त्याच्या वाटेला येतच नसे, कारण माणसांच्याच वाट्याला बेताचे येई.

मांसाहारी लांडग्याच्या वंशजाला हा भात पचतो कसा, याचे उत्तर २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दिले. पिष्ट पचवणारे अमायलेज हे द्रव्य माणसाच्या लाळेतही असते. कुत्र्याच्या लाळेत ते जवळजवळ नसतेच. त्याचे सगळे अमायलेज स्वादुपिंडात तयार होते. ते बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत आढळल्या. शेती करणाऱ्या माणसाच्या उंबऱ्याशी बसून त्याचे उष्टे खाता खाता कुत्र्याचे स्वादुपिंड बदलले. जिथे माणसाने शेती केलीच नाही अशा बर्फाळ मुलखातल्या हस्कीसारख्या कुत्र्यांत या प्रती कमी सापडतात. म्हणजे मोतीच्या पेजेचा इतिहास त्याच्या स्वादुपिंडातच लिहिलेला होता. मला हे वाचून किती आनंद झाला सांगू! पेज हे कुत्र्याचे अन्नच नव्हे असे ऐकवणाऱ्या एका श्वानप्रेमी मित्राला मी त्याच रात्री फोन केला.

पण तुपाचा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी युरोपात जावे लागते, आणि तिथला इतिहास असा सुखाचा नाही.

पोटात जठराच्या मागे आडव्या पडलेल्या या अवयवाला ग्रीकांनी नाव दिले पॅन्क्रिआस. पॅन म्हणजे सगळे आणि क्रेआस म्हणजे मांस. त्यात हाड नाही, कूर्चा नाही, सगळे मांसच. त्याचे काम काय हे शेकडो वर्षे कुणाला ठाऊक नव्हते. १६४२ साली पादुआत विर्सुंग नावाच्या शरीरशास्त्रज्ञाला एका फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेतात या अवयवातून आतड्यात जाणारी नळी सापडली. नळी आहे म्हणजे काहीतरी वाहत असणार, पण काय? विर्सुंगला ते शोधायला वेळ मिळाला नाही, पुढच्याच वर्षी त्याच्या घरापाशी त्याला गोळी घालून मारले गेले. १६६४ साली लायडनमध्ये रेनिअर द ग्राफ नावाच्या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने जिवंत कुत्र्याच्या त्या नळीत पिसाची पोकळ काडी बसवली आणि खाली कुपी लावून थेंब थेंब रस गोळा केला. स्वादुपिंडाचा रस माणसाने प्रथम असा पाहिला. तिथून पुढची अडीचशे वर्षे या अवयवाविषयी जे कळले ते बव्हंशी कुत्र्यांच्या पोटातून कळले.

१६८३ साली ब्रूनरने कुत्र्यांचे स्वादुपिंड कापून काढले. कुत्री जगली. त्यांना तहान फार लागे, लघवी फार होई, एवढे त्याने टिपून ठेवले आणि हा अवयव जगायला आवश्यक नाही असा निष्कर्ष काढला. थोडा भाग आत राहून गेला असणार. मधुमेह त्याच्या डोळ्यांसमोर उभा होता आणि त्याला तो दिसला नाही.

तूप कोण पचवतो याचे उत्तर पॅरिसच्या क्लोद बर्नार्डने १८४० च्या दशकात शोधले, तेही एका सशामुळे. सशात पित्ताची नळी आतड्यात वरच्या अंगाला उघडते आणि स्वादुपिंडाची बरीच खाली. स्निग्ध खाणे दिलेल्या सशाचे आतडे पाहताना बर्नार्डच्या लक्षात आले की पित्त मिसळते तिथे काहीच घडत नाही. स्वादुपिंडाचा रस मिसळतो त्या जागेनंतरच आतड्यालगतच्या बारीक रसवाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या होतात. म्हणजे चरबी फोडून अंगी लावण्याचे काम मुख्यतः स्वादुपिंडाचे. मग कुत्र्यांवर प्रयोग करून त्याने ते पक्के केले, आणि १८५६ साली या विषयावर मोठा प्रबंध लिहिला.

याच बर्नार्डने एका कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत ऑलिव्ह तेल आणि पित्त उलट्या दिशेने सोडले. स्वादुपिंड भडकून सुजले. चवथीत आमच्या चिंगीला जे झाले ते प्रयोगशाळेत मुद्दाम घडवण्याचा हा पहिल्या काही प्रयोगांतला एक. बर्नार्डच्या बायकोला हे सारे सहन होत नसे. तिच्याच माहेरच्या हुंड्यावर त्याचे संशोधन उभे राहिले होते असे म्हणतात. पंचवीसेक वर्षांच्या संसारानंतर दोघे विभक्त झाली, आणि ती व मुली प्राण्यांवरील प्रयोगांच्या विरोधकांत सामील झाल्या. त्या घरातले रात्रीचे जेवण कसे होत असेल, असा विचार माझ्या मनात येऊन जातो.

सूज का येते? १८९६ साली प्रागच्या हान्स किआरीने मांडले की या आजारात स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. प्रथिने फोडणारी, चरबी फोडणारी ही द्रव्ये एरवी निद्रिस्त अवस्थेत तयार होतात आणि आतड्यात पोचल्यावर जागी होतात. ती घरातच जागी झाली तर घरच खातात. मूळ कल्पना आजही तीच मानली जाते. ठिणगी नेमकी कशाने पडते हे दर वेळी सांगता येत नाही. पण स्निग्ध खाणे, लठ्ठपणा, रक्तातली वाढलेली चरबी आणि उतारवय ही मंडळी पुन्हा पुन्हा जागेवर सापडतात. मिनिएचर श्नाउझर, यॉर्कशायर टेरिअर यांसारख्या लहान जातींची नावे या यादीत वरती असतात.

म्हणजे म्हण खरी की नामदेव खरे? दोन्ही अर्धे. निरोगी तरुण कुत्रा चरबी उत्तम पचवतो, माणसापेक्षाही चांगली. बर्फात गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांच्या खाण्यातली निम्म्याहून अधिक ऊर्जा चरबीतूनच येते. पंढरीच्या वाटेवरचा तो उपाशी, हाडकुळा कुत्रा तूप लावलेली पोळी मजेत पचवून गेला असता. पण ११ वर्षांची, सोफ्यावर बसून गोल झालेली, एकदा सूज येऊन गेलेली साडेपाच किलोची कुत्री असेल, तर आईची म्हण अक्षरशः खरी आहे.

आता एका लहान कुत्र्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याने मला रात्रभर जागवले.

१६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा मेहुण्यांनी एका कुत्र्यावर प्रयोग करून दाखवले की आतड्यातून रक्तात मिसळणारे एक द्रव्य स्वादुपिंडाला रस सोडायचा निरोप देते. मज्जातंतूंची गरजच नाही. त्याला त्यांनी सिक्रिटिन म्हटले. पुढे १९०५ मध्ये अशा निरोप्यांसाठी स्टार्लिंगने हॉर्मोन हा शब्द वापरला, जो आज आपल्या वर्तमानपत्रांतही असतो. रशियात पावलोव्ह हे सारे काम मज्जातंतूंचे असे मानत होता. त्याला पचनाच्या ग्रंथींवरील कामासाठी १९०४ चे नोबेल मिळाले. लोकांना पावलोव्हची घंटा आठवते. नोबेल मिळाले ते पचनासाठी, ज्यात स्वादुपिंडही होते.

त्याच १९०२ च्या डिसेंबरात स्टार्लिंगने एका लहानखुऱ्या तपकिरी कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधली. टेरिअरच्या वळणाचे, सहाएक किलोचे, रस्त्यावरचे मिश्र जातीचे कुत्रे. म्हणजे आमच्या चिंगीएवढेच. दोन महिने ते पिंजऱ्यात राहिले. २ फेब्रुवारी १९०३ रोजी स्टार्लिंगने त्याचे पोट पुन्हा उघडून आत काय झाले ते पाहिले, आणि मग विद्यार्थ्यांसमोर लाळग्रंथींचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी ते बेलिसच्या हाती दिले. शेवटी हेन्री डेल नावाच्या विद्यार्थ्याने त्याला मारले. याच डेलला १९३६ मध्ये नोबेल मिळाले. १८७६ च्या इंग्रजी कायद्याने असा एकच प्राणी दुसऱ्या प्रयोगाला वापरणे निषिद्ध होते.

विद्यार्थ्यांत लिझी लिंड अफ हागेबी आणि लेइसा शार्टाउ या दोन स्वीडिश तरुणी बसल्या होत्या. त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवले की कुत्र्याच्या पोटावर जुनी जखम होती, आणि त्यांना भूल नीट दिल्याची लक्षणे दिसली नाहीत. भूल दिली होती, असे बेलिसचे म्हणणे. स्टीफन कोलरिज या वकिलाने जाहीर सभेत आरोप केला, बेलिसने अब्रूनुकसानीचा दावा लावला, नोव्हेंबर १९०३ मध्ये तो जिंकला आणि त्याला २००० पौंड भरपाई मिळाली. खटला संपला, पण कुत्रा संपला नाही. १५ सप्टेंबर १९०६ रोजी लंडनच्या बॅटरसी भागात त्याचा पुतळा उभा राहिला. खाली पाणपोई, माणसांसाठी वर आणि जनावरांसाठी खाली. शिलालेखात १९०२ साली त्याच ठिकाणी चिरफाड झालेल्या २३२ कुत्र्यांचाही उल्लेख होता. वैद्यकीय विद्यार्थी पुतळा फोडायला आले, गावकऱ्यांनी पिटाळले. १० डिसेंबर १९०७ ला हजारभर विद्यार्थी लंडनच्या रस्त्यांवर उतरले, पोलिसांशी मारामाऱ्या झाल्या. पुतळ्याला पहारा बसवावा लागला. त्या पहाऱ्याच्या खर्चाला कंटाळून १० मार्च १९१० रोजी पहाटेच्या अंधारात, १२० पोलिसांच्या बंदोबस्तात, तो उचलून नेला. १९८५ मध्ये बॅटरसी पार्कात दुसरा पुतळा बसला.

मी यात कुणाच्या बाजूचा? दवाखान्यात चिंगीच्या रक्ताचा कागद हाती आला तेव्हा मी फक्त आकडा वाचत होतो. तो आकडा वाचता येतो कारण कुणीतरी कधीतरी अशाच आकाराच्या कुत्र्याची नळी बांधली होती. आणि तरीही त्या तपकिरी कुत्र्याचे ते दोन महिने माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. मला बाजू घेता आली नाही.

तेलाचा आणखी एक प्रसंग सांगतो. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये योसेफ फॉन मेरिंग आणि ओस्कार मिंकोव्स्की यांच्यात वाद झाला तो लिपानिन नावाच्या एका औषधी तेलावरून. स्वादुपिंड नसेल तर चरबी पचते का हे पाहायला मिंकोव्स्कीने एका कुत्र्याचे पूर्ण स्वादुपिंड काढले. घरवळणी लावलेले ते कुत्रे प्रयोगशाळेत जागोजागी लघवी करू लागले. तपासली तर साखर निघाली. तेलाचा शोध घ्यायला गेले आणि मधुमेहाचे मूळ सापडले. माश्यांनी लघवीवर घोंगावून साखरेचा पत्ता दिला, ही शाळेतल्या पुस्तकांतली गोष्ट मात्र मिंकोव्स्कीने स्वतः नाकारली होती.

तिथून टोरांटो. १९२१ चा बँटिंग आणि बेस्टचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. ३३ क्रमांकाच्या कुत्रीला मार्जोरी असे नाव मिळाले होते. स्वादुपिंड नसताना अर्कावर ती सुमारे ७० दिवस जगली. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन मिळाले. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने पुढची गोष्ट मोलाची आहे. इन्शुलिन मिळूनही स्वादुपिंड नसलेली कुत्री काही महिन्यांत मरत. त्यांना बिनचरबीचे मांस आणि साखर असा नेमका आहार होता, तरी यकृतात चरबी साठे. १९२४ च्या सुमारास टोरांटोच्याच मंडळींनी त्यांच्या खाण्यात बैलाचे कच्चे स्वादुपिंड मिसळले आणि कुत्री टिकली. त्यात असे काय होते याचा माग काढता काढता लेसिथिन आणि मग १९३२ मध्ये बेस्टच्या गटाला कोलीन सापडले. आज ज्या कुत्र्यांचे स्वादुपिंड रसच कमी बनवते, जर्मन शेफर्डमध्ये हे पुष्कळ दिसते, त्यांच्या खाण्यात डुकराच्या स्वादुपिंडाची भुकटी घालतात. हा आजार सुजेहून वेगळा, पण दोन्हींचे उपाय ताटातूनच सुरू होतात.

बाजारातल्या श्वानखाद्याचा इतिहास मी आटोपता घेतो. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन माणूस विजेपासून बचावाचे गज विकायला इंग्लंडात गेला. गोदीतली कुत्री जहाजांवरची टाकाऊ बिस्किटे खाताना त्याने पाहिली आणि १८६० च्या सुमारास गहू, बीट आणि मांस घालून कुत्र्यांची बिस्किटे काढली. त्याच्या दुकानातला पोऱ्या चार्ल्स क्रफ्ट याने १८९१ मध्ये क्रफ्ट्स हे श्वानप्रदर्शन सुरू केले. १९२२ मध्ये अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे आले, दुसऱ्या महायुद्धात पत्रा मिळेना म्हणून कोरडे खाद्य वाढले, १९५७ मध्ये यंत्रातून फुगवून काढलेले दाणे आले. आजारी कुत्र्यासाठी वेगळे खाणे ही कल्पना न्यू जर्सीच्या मार्क मॉरिस या पशुवैद्याची. मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थांच्या बडी नावाच्या वाटाड्या कुत्र्याचे मूत्रपिंड बिघडले, त्याच्यासाठी १९३९ च्या आसपास डॉक्टरांनी घरच्या स्वयंपाकघरात पथ्याचे खाणे शिजवले. १९४८ पासून ते कारखान्यात बनू लागले. डब्यात भरलेले पथ्य! आमच्या आजीला हे सांगितले असते तर ती पोट धरून हसली असती.

उपचारातला मोठा बदल अगदी अलीकडचा आहे. माझ्या तरुणपणी स्वादुपिंड सुजले की कुत्र्याला उपाशी ठेवत, तीन-चार दिवस पाणीही नाही. अवयवाला विश्रांती द्यावी, हा विचार. पण आतडे रिकामे राहिले की त्याचे अस्तर खंगते आणि जंतू रक्तात शिरायला वाट मिळते. माणसांच्या रुग्णालयांत आधी हे लक्षात आले, आणि २००० नंतर कुत्र्यांच्या बाबतीतही मत पालटले. उलट्या आटोक्यात आणून शक्य तितक्या लवकर, अगदी थोडे, अगदी कमी चरबीचे अन्न सुरू करायचे. चिंगीला दुसऱ्याच दिवशी चमचाभर मऊ भात दिला होता. ती खाईना. मग डॉक्टरीणबाईंनी तो कोमट केला आणि बोटावर घेतला. तेव्हा चाटला.

आता तिचे ताट असे. दिवसातून चार वेळा, थोडे थोडे. मऊ भात, कातडी आणि चरबी काढलेले उकडलेले कोंबडीचे उराचे मांस, त्याचे पाणी गार करून वरचा तवंग काढलेले. सोबत दुधी, गाजर किंवा लाल भोपळा. सुरुवातीच्या काही दिवसांपुरते एवढे चालते. पुढे केवळ भात-कोंबडीवर ठेवले तर कॅल्शियम, जीवनसत्त्वे कमी पडतात, म्हणून डॉक्टरांनी मोजून दिलेली पूड किंवा कमी चरबीचे तयार पथ्याचे खाणे लागते. चिंगीचे आम्ही निम्मे-निम्मे करतो. नारळ पूर्ण बंद, कारण ओल्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला तेहतीसेक ग्रॅम चरबी असते; आणि गोव्याच्या घरात नारळ नसलेला पदार्थ शोधून दाखवा! तारले, बांगडे बंद. चणकाचा एखादा उकडलेला तुकडा चालतो. आपल्या चहाबरोबरचे बिस्किटही बंद, त्यातही लोणी-तेल असतेच.

डब्यावरचे आकडे वाचताना मी एकदा फसलो, तेही सांगून टाकतो. ओल्या खाण्याच्या डब्यावर स्निग्धांश ४ टक्के लिहिलेला, कोरड्याच्या पाकिटावर १०. मी खुशीने डबा आणला. पण डब्यात ७५ टक्के पाणी असते. पाणी वगळून उरलेल्या २५ भागांत ४ म्हणजे १६ टक्के. कोरड्या दाण्यांत पाणी दहाएक टक्केच, म्हणून तिथे हिशेब अकराच्या आसपास राहतो. डबा शेजारच्या तरुण लॅब्राडॉरला दिला. त्याने दीड मिनिटात संपवला आणि अजूनही मला पाहिले की शेपूट हलवतो.

सगळ्यांत अवघड पथ्य चिंगीचे नाही, आईचे होते. आईचे वय ८४. जेवताना पायाशी बसलेल्या जिवाला घास दिल्याशिवाय तिने आयुष्यात जेवण केलेले नाही. पहिल्या आठवड्यात मी दोनदा तिला भाकरीचा लोण्यात बुडवलेला तुकडा खाली सोडताना पकडले. मी रागावलो. ती म्हणाली, "तें सुणें न्हय, भुरगें आमचें." यावर मी काय बोलणार? शेवटी डॉक्टरीणबाईंनीच तोड काढली. चिंगीच्या मापाच्या खाण्यातले थोडे रोज दुपारी एका वाटीत वेगळे काढून आईच्या ताटाशेजारी ठेवायचे. आईने द्यायचे ते त्यातूनच.

त्या कामाला आईने देवघरातली तुपाची जुनी पितळी वाटी काढून दिली. ती घासून घेतली आहे. दुपारी साडेबाराला पाटाचा आवाज झाला की चिंगी झोपेतून उठते, आणि आई एकेक शित तिला बोटाने भरवते. यंदा चवथीला गावी जाताना ती वाटी सामानात आधी ठेवायची, असे तिने मला आताच बजावून ठेवले आहे.